लांडग्याच्या डोक्यावर कुणाची टोपी? (दोरेच्या एका चित्राबद्दल)

कवडसा · शनिवार, रात्री ९:४०

गेल्या आठवड्यात रद्दीच्या दुकानात एक जाडजूड पुस्तक मिळालं. परीकथांच्या जुन्या चित्रांचं. पानं सुटलेली, पण चित्रं शाबूत. त्यात ग्युस्ताव्ह दोरे या फ्रेंच चित्रकाराने १८६२ साली शार्ल पेरोच्या गोष्टींसाठी काढलेली चित्रं आहेत. मी आणि माझी धाकटी (सात वर्षांची) रोज रात्री एकेक चित्र बघत होतो.

काल 'लाल टोपीवाली'वर आलो. या गोष्टीला दोरेची तीन चित्रं आहेत. पहिल्यात रानात मुलगी आणि लांडगा समोरासमोर. दुसऱ्यात लांडगा आजीच्या पलंगावर चढलेला. तिसऱ्यात मुलगी आणि लांडगा एकाच पलंगावर, एकाच पांघरुणात, शेजारी शेजारी. लांडग्याच्या डोक्यावर झालरीची रात्रटोपी. मुलीचे केस मोकळे सुटलेले. एका हाताने तिने पांघरूण छातीशी ओढून धरलंय. अंग त्याच्यापासून जरा मागे, नजर मात्र त्याच्यावरच खिळलेली.

धाकटी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तिची टोपी लांडग्याने घेतली?"

मी सांगायला गेले की नाही गं, ती आजीची टोपी आहे. आणि थांबले. कारण चित्र काळंपांढरं आहे. लाल टोपी कुठली आणि आजीची कुठली हे तिला कळणार कसं? तिने जे दिसलं ते वाचलं. आधीच्या चित्रात मुलीच्या डोक्यावर टोपी होती, आता नाही. आधी लांडग्याच्या डोक्यावर काही नव्हतं, आता आहे. म्हणजे टोपी इकडून तिकडे गेली.

तेव्हापासून हे चित्र डोक्यातून जात नाहीये. जिचं नावच टोपीवरून पडलं तिचं डोकं उघडं, आणि टोपी जनावराच्या डोक्यावर. दोरेने हे मुद्दाम केलं असेल का? तुम्हाला या चित्रात काय दिसतं? मला परीक्षेतल्यासारखी उत्तरं नकोत. चित्र पुन्हा एकदा नीट बघून मग लिहा.

---

चिंचोका · शनिवार, रात्री १०:०५

किती सुंदर प्रश्न विचारला लेकीने. उद्या निवांत बघून लिहिते.

---

अत्तरदाणी · शनिवार, रात्री ११:२०

मी बरीच वर्षं फ्रेंच शिकवलं आहे, त्यामुळे आधी मूळ गोष्टीबद्दल लिहिते. आपल्यापैकी बहुतेकांना ग्रिम बंधूंची गोष्ट माहीत असते, १८१२ची. तिच्यात शेवटी शिकारी येतो, लांडग्याचं पोट फाडतो, आजी आणि नात सुखरूप बाहेर येतात. दोरेने चित्रं काढली ती त्या गोष्टीसाठी नव्हे. पेरोची गोष्ट १६९७ची, चौदाव्या लुईच्या काळातली. तिच्यात शिकारीही नाही आणि सुटकाही नाही. "आजी, तुझे दात केवढे मोठे!" "तुला खायला." आणि खाल्लं. गोष्ट संपली. खाली पद्यात तात्पर्य आहे, त्याचा आशय असा: सगळे लांडगे सारखे नसतात. काही गोड बोलणारे, सभ्य वागणारे, मुलींच्या मागोमाग थेट घरापर्यंत येणारे असतात, आणि तेच सगळ्यांत घातकी.

आता टोपीबद्दल. कवडसा, तुमच्या लेकीने नेमकी जागा पकडली आहे. पेरोच्या गोष्टीत लांडगा टोपी घालतच नाही. मुलगी आत येताना बघून तो पांघरुणाखाली दडतो, एवढंच पेरो लिहितो. आजीचे कपडे चढवणं, टोपी घालणं हे ग्रिमच्या गोष्टीत आहे. दोरेने ती टोपी तिथून उचलली असेल किंवा स्वतः घातली असेल. पण हातात जे पुस्तक होतं त्यात ती नव्हती. म्हणजे विचार करूनच ती तिथे आली आहे.

आणि मुलीच्या टोपीचा फ्रेंच शब्द 'शापरों'. हा जुन्या पद्धतीचा, डोकं आणि मान झाकणारा टोपरावजा प्रकार. याच शब्दाला पुढे दुसरा अर्थ चिकटला. तरुण मुलीसोबत जाणारी, तिच्यावर लक्ष ठेवणारी वयस्क बाई. आपल्याकडे नव्या नवरीबरोबर पाठराखीण जायची ना, तसं काहीसं. त्यामुळे तिसऱ्या चित्रात मुलीच्या डोक्यावरचा 'शापरों' नाही, हे मला नुसतं कपड्यांपुरतं वाटत नाही. तिची पाठराखीण गेलेली आहे.

---

कवडसा · शनिवार, रात्री ११:४८

अत्तरदाणी ताई, अंगावर काटा आला. पाठराखीण! म्हणजे पहिल्या चित्रात ती एकटी दिसते तरी डोक्यावर कुणीतरी आहे, आणि तिसऱ्यात खरोखरची एकटी.

आणि मराठीत तर 'टोपी घालणे' म्हणजेच फसवणे. दोरेला मराठी येत नव्हतं हे मान्य, पण माझ्या डोक्यात ते वाक्य आल्याशिवाय राहिलं नाही. लांडग्याने टोपी घातली.

---

दगडफूल · रविवार, सकाळी ८:१५

या गोष्टीवर मानसशास्त्राच्या अंगाने खूप लिहिलं गेलंय, ते कुणीतरी इथे मांडायला हवं म्हणून लिहितो.

एरिक फ्रॉमने १९५१ साली लाल टोपीचा अर्थ लावला तो असा: लाल म्हणजे मासिक पाळी, मुलगी वयात येतेय. आजीसाठी नेलेली बाटली फोडू नकोस या आईच्या सूचनेचा अर्थ कौमार्य जप. पुढे १९७६ मध्ये ब्रूनो बेटलहाइमने नेमक्या याच चित्राकडे बोट दाखवलं. त्याचं म्हणणं, चित्रातला लांडगा तसा शांत आहे, खळबळ आहे ती मुलीच्या मनात. ती उठून जायची काहीच हालचाल करत नाही. भीती आहे आणि ओढही आहे.

मला हे पटतं. पलंग आहे, मोकळे केस आहेत, ती त्याच्याकडे एकटक बघते आहे. फ्रेंचमध्ये 'तिने लांडगा पाहिला' असा वाक्प्रचार आहे, त्याचा अर्थ ती आता अजाण राहिली नाही. हे सगळं माहीत असलेल्या चित्रकाराने पलंगावरचाच क्षण निवडला, तर तो काय सांगतोय हे उघड नाही का?

---

शाईचा डाग · रविवार, सकाळी १०:३०

दगडफूल, तुमचा मुद्दा समजला. पण एक अडचण आहे. लाल रंगाचा एवढा मोठा अर्थ लावायचा तर या चित्रात लाल कुठे आहे? वाचणाऱ्याच्या डोक्यात. दोरेच्या हातात लाल नव्हताच.

मी छापचित्रं करतो, म्हणून ही चित्रं कशी बनली ते सांगतो. त्यावरून बरंच कळतं. ही लाकडी ठोकळ्यावर कोरलेली आहेत. फळी कापतो तसं उभं लाकूड नाही, खोडाचा आडवा काप. बॉक्सवुड नावाचं झाड असतं, अतिशय घट्ट लाकडाचं. त्याचं खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्रासाठी लहान ठोकळे एकमेकांना जोडून एक मोठा ठोकळा करत. त्यावर पांढरा हात देऊन दोरे पेन्सिलीने नाही तर बऱ्याचदा ब्रशने, शाईच्या फिकट-गडद छटांनी थेट चित्र काढायचा. मग कोरणारा त्या छटा रेघांमध्ये उतरवायचा. दोरेकडे पिसां, पानमाकेर असे नावाजलेले कोरणारे होते. या पुस्तकातली चित्रं भिंगाखाली धरा, खालच्या एका कोपऱ्यात दोरेची सही आणि दुसऱ्या कोपऱ्यात कोरणाऱ्याची दिसेल.

आता महत्त्वाचं. या पद्धतीत जिथे कोरत नाही तिथे शाई लागते, तिथे काळं छापलं जातं. जिथे कोरून काढता तिथे पांढरं. म्हणजे पलंगामागचा अंधार हा जवळजवळ अस्पर्श लाकूड आहे. आणि उशी, चादर, पांघरूण, लांडग्याची टोपी, मुलीचा चेहरा हे सगळं उजेडातलं, म्हणजे माणसाने तासन्‌तास बसून कोरून काढलेलं. कवडसा, तुम्ही ते पांघरूण पुन्हा बघा. त्याच्या घड्या कशा वळतात बघा. चित्रातली बरीचशी जागा त्या कापडाने व्यापली आहे. मला तर या चित्राचा विषय पलंग किंवा लांडगा वाटतच नाही. कापड वाटतो. कुणी काय झाकलंय आणि किती.

लांडग्याच्या बाजूने कापड काय करतं? त्याला आजी बनवतं. मुलीच्या बाजूने तेच कापड तिची शेवटची आड आहे. एकच पांघरूण, दोघांची कामं उलटी.

(आणि कुणी डाव्या-उजव्या बाजूवरून शुभ-अशुभ काढणार असेल तर जपून. ठोकळ्यावर काढलेलं चित्र छापताना उलटं उमटतं. चित्रकाराला ते मनात धरूनच काढावं लागतं.)

---

अत्तरदाणी · रविवार, सकाळी ११:१०

शाईचा डाग, फार छान समजावलंत. फ्रॉमबद्दल पुस्ती जोडते. इतिहासकार रॉबर्ट डार्नटनने १९८४ मध्ये यावर कडक टीका केली होती. त्याचा मुद्दा साधा आहे. ज्या लाल टोपीवर आणि बाटलीवर फ्रॉमने एवढा डोलारा उभारला, त्या गोष्टी शेतकऱ्यांच्या तोंडी चालत आलेल्या कथेत नव्हत्याच. पेरोची मुलगी तर बाटली नेतच नाही. ती पोळीसारखी भाजलेली गालेत आणि लोण्याचं छोटं मडकं घेऊन निघते. बाटली ग्रिमची.

तोंडी कथेत काय होतं हेही सांगते. मध्य फ्रान्समधल्या निएव्हर भागात १८८५च्या सुमारास एक कथा टिपून घेतली गेली. तिच्यात टोपी नाही. रानात दोन वाटा आहेत, एक सुयांची आणि एक टाचण्यांची. मुलगी पलंगावर जाते, शेजारी कोण आहे ते तिला कळतं. मग ती म्हणते, "आजी, मला बाहेर जायला लागलंय." तो म्हणतो, इथेच कर. ती हट्ट धरते. तो तिच्या पायाला लोकरीचा दोरा बांधून सोडतो. बाहेर जाऊन ती तो दोरा अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाला बांधते आणि घरी पळून येते.

---

पाटावरवंटा · रविवार, दुपारी १:४५

अय्या, हे तर आपल्या म्हातारीसारखं झालं!

लहानपणी आजीकडून 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' किती वेळा ऐकलं असेल. तिच्यातही रान आहे, आणि वाटेत खायला टपलेली जनावरं आहेत. पण आपल्याकडे रानातून आजी जाते, लेकीकडे. लांडगा-वाघ अडवतात तर म्हणते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन, मग मला खा. आणि परतताना भोपळ्यात बसून येते. "म्हातारी-कोतारी मला नाही ठाऊक."

आत्ता लिहिताना जाणवलं की इथेही लपणं आहे, वेष आहे. फक्त तो म्हाताऱ्या बाईच्या बाजूचा आहे. भोपळा म्हणजे तिचं पांघरूणच की. पेरोच्या गोष्टीत आजीचा वेष जनावराने पळवला. आपल्याकडे आजीनेच वेष घेतला आणि जनावरांना चकवलं. ते भोपळ्याचं चित्र बालपणी कुठल्या तरी अंकात पाहिलं होतं, म्हातारीचे फक्त डोळे बाहेर दिसत होते. ते डोळे हसरे होते. दोरेच्या मुलीचे डोळे आठवले की पोटात कालवतं.

---

माळरान · रविवार, संध्याकाळी ७:२०

मी सोलापूरकडचा. आमच्या भागात लांडगा पुस्तकातला नाही. नान्नजच्या माळावर आजही आहे. आमची मेंढरं होती. आजोबा रात्री वाड्याभोवती जागायचे, कुत्री असायची. तरी लांडगा कोकरू न्यायचा. आजोबांनी त्याला शिव्या घातल्या असतील, पण सैतान म्हणाल्याचं मला आठवत नाही. तो त्याचं पोट भरतो, आपण आपलं राखायचं, असं म्हणायचे.

तुम्ही सगळे तिसऱ्या चित्राबद्दल बोलताय. मी पहिलं चित्र बघत बसलो. त्यात लांडगा आपल्याकडे पाठ करून उभा आहे, पोरीला जवळजवळ चिकटून. त्याचं तोंड आपल्याला नीट दिसत नाही, ते पोरीला दिसतं. जनावर अगदी खरं काढलंय. मागचे पाय, शेपूट, मानेवरची आयाळ. माणसाने कातडं पांघरल्यासारखं कुठेच वाटत नाही.

पण खरा लांडगा माणसाच्या एवढ्या जवळ येऊन उभा राहत नाही. लांबून बघतो, आपण थांबलो की थांबतो, आपण हललो की बाजूला होतो. आजोबा सांगायचे, रानातलं जनावर बिनधास्त अंगाजवळ आलं तर समजायचं काहीतरी बिघडलंय. पिसाळलेलं असेल. मला या चित्रातली खूण तीच वाटते. दात नाहीत, नखं नाहीत. जवळ असणं हीच खूण. तीन चित्रांत तो जवळच येत जातो. रानात शेजारी, मग पलंगावर, मग पांघरुणात.

चित्र काढणाऱ्याने रान पाहिलेलं असणार, एवढं नक्की.

---

शाईचा डाग · रविवार, रात्री ८:०२

माळरान, दंडवत घ्या. दोरे १८३२ साली स्ट्रासबुर्गला जन्मला. व्होज डोंगरातली रानं त्याने लहानपणी पाहिली आणि ती झाडं त्याच्या चित्रांमधून आयुष्यभर येत राहिली. त्या काळी फ्रान्सच्या रानांत लांडगे होते. पॅरिसच्या वाचकालाही तेव्हा लांडगा म्हणजे निव्वळ रूपक नव्हता.

'तीन चित्रांत तो जवळ येत जातो' हे मी इतकी वर्षं ही चित्रं बघून मला कधी दिसलं नव्हतं.

---

चिंचोका · रविवार, रात्री ९:३०

मी आज दुपारभर चित्र बघितलं आणि खरं सांगू का, मला राग आला. सात वर्षांच्या मुलीला हे चित्र का दाखवायचं? हे मुलांचं चित्र नाहीच. मी माझ्या मुलाला कधीच दाखवणार नाही. शिकारी येतो तीच गोष्ट सांगेन.

---

कवडसा · रविवार, रात्री ९:५५

चिंचोका, राग समजू शकते. मलाही दाखवताना क्षणभर हात आखडता घ्यावासा वाटला. पण ती घाबरली नाही. तिने प्रश्न विचारला. न दाखवता मीच तिच्या वतीने घाबरले असते, तर तो प्रश्न आलाच नसता.

पुस्तकाच्या सुरुवातीच्याच चित्रात एक आजी चष्मा लावून मोठं पुस्तक वाचतेय आणि पोरं तिला चिकटून बसलीत. म्हणजे हे सगळं कुणाच्या तरी मांडीवर बसून बघायचं आहे, असं दोरेही सांगतोच.

---

पाटीपेन्सिल · सोमवार, सकाळी ६:५०

मी बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. सहसा नुसतं वाचते, पण दगडफूल यांच्या प्रतिसादानंतर झोप लागली नाही, म्हणून लिहिते आहे.

"ती उठून जायची काहीच हालचाल करत नाही, म्हणजे ओढ आहे." हे वाक्य मला फार लागलं. दगडफूल, तुम्ही मनात काही वाईट ठेवून लिहिलं नाही हे मला माहीत आहे. पण लहान मुलं घाबरली की पळतातच असं नाही. थिजतात. मी हे वर्गात पाहिलं आहे. अंग आखडतं, हातात जे येईल ते घट्ट धरतात, फ्रॉकची कड, बाकाची कड, आणि ज्याची भीती वाटते त्याच्यावरून नजर हटवत नाहीत. ओरडत नाहीत. आणि नंतर मोठी माणसं हमखास विचारतात, "मग तू ओरडली का नाहीस? पळाली का नाहीस?" हा प्रश्न मी ऐकला आहे. पोर मान खाली घालते, कारण तिच्याकडे उत्तर नसतं.

मला दोरेच्या मुलीत ते थिजणं दिसतं. हात बघा. ओढ असलेला हात असं पांघरूण धरत नाही.

आणि टोपी. आम्ही मुलांना 'अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नका' शिकवतो. पण ज्याची भीती बाळगावी तो बऱ्याचदा ओळखीचाच असतो. घरातल्या माणसाची टोपी घालूनच येतो. मुलांना नीट समजावणं सगळ्यांत कठीण जातं ते हेच. माणूस आपलाच दिसतोय, आवाज आपलाच वाटतोय, पण काहीतरी चुकतंय. या मुलीच्या चेहऱ्यावर नेमका तोच क्षण आहे. टोपी सांगतेय आजी आहे, डोळे सांगतायत नाही. दोघांतलं खरं कुठलं मानायचं हे तिचं अजून ठरलेलं नाही. म्हणून ती बघते आहे. म्हणून पेरोच्या गोष्टीत ती एकामागून एक प्रश्न विचारते. हात एवढे का, पाय एवढे का, कान, डोळे. ती वेंधळी नाही. ती तपासून बघते आहे.

चिंचोका, तुमच्या मुलाला हे चित्र दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी मात्र माझ्या पुढच्या पालकसभेत हे चित्र दाखवणार आहे. मोठ्या माणसांना.

---

दगडफूल · सोमवार, सकाळी ९:०५

पाटीपेन्सिल ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं, मग चित्र उघडलं. हात बघितला. मी इतका वेळ डोळे आणि केसच बघत होतो. हातावर माझी नजर गेलीच नव्हती.

बेटलहाइमचं म्हणणं मी पुस्तकातून आणलं होतं, चित्रातून नाही. 'ओढ' हा शब्द मी मागे घेतो.

---

अत्तरदाणी · सोमवार, सकाळी ११:३०

दगडफूल, हे असं मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं.

'तपासून बघते आहे' यावरून एक सांगायचं राहून गेलं. पेरोच्या गोष्टीत प्रश्नांचा क्रम हात, पाय, कान, डोळे, दात असा आहे. दात शेवटी. दोरेच्या चित्रात लांडग्याचं तोंड मिटलेलं आहे. म्हणजे शेवटचा प्रश्न अजून विचारलेला नाही. आणि चौथं चित्र दोरेने काढलेलंच नाही. पेरोने तिला खाल्लेलं लिहिलं, दोरेने नाही दाखवलं. पुस्तक छापणारा एत्झेल, म्हणजे पुढे ज्यूल व्हर्नच्या गोष्टी काढणारा तोच. भा. रा. भागवतांमुळे व्हर्न आपल्या किती जवळचा! हे मोठ्या आकाराचं, सढळ हाताने चित्रं घातलेलं पुस्तक होतं. जागा नव्हती म्हणून चौथं चित्र नाही, असं मला वाटत नाही.

---

पाटावरवंटा · सोमवार, दुपारी २:१५

म्हणजे त्या चित्रात ती अजून जिवंत आहे. दीडशेहून जास्त वर्षं शेवटच्या प्रश्नाच्या आधी थांबलेली आहे. निएव्हरच्या पोरीसारखी "मला बाहेर जायला लागलंय" म्हणायला तिला अजून वेळ आहे.

---

माळरान · सोमवार, रात्री ८:४०

वरचं वाचून आजोबांची आठवण आली. ते म्हणायचे, लांडग्यासमोर पाठ फिरवून पळायचं नाही. बघत राहायचं आणि हळूहळू मागं सरकायचं. पोरगी तेच करतेय. अंग मागं, नजर त्याच्यावर.

---

कवडसा · मंगळवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. माळरान, तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं आहे.

आज संध्याकाळी त्या चित्राची झेरॉक्स काढून आणली आणि धाकटीसमोर रंगीत खडू ठेवले. म्हटलं, तुला हवं तसं रंगव. माझा आडाखा होता की ती लांडग्याची टोपी लाल करणार, कारण तिच्या मते ती मुलीचीच टोपी.

तिने टोपीला हात लावला नाही. केस पिवळे केले. लांडगा तपकिरी केला, त्यात पुष्कळ वेळ गेला. मग लाल खडू घेतला आणि मुलीची मूठ जिथे पांघरूण धरून आहे त्याच्या खाली, पांघरुणावरच, एक छोटा गोल लाल केला. दाबून दाबून.

मी विचारलं, हे काय?

"टोपी. त्याला नाही मिळाली. त्याने आजीची घातलीय. हिची हिने आत लपवलीय, म्हणून हात सोडत नाहीये."